प्रादेशिक हवा भागीदारीत जायचं का? जा, पण आधी स्वतःचा हिशोब मांडून जा

प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही एका मध्यम शहराच्या नगरपालिकेत पर्यावरणाचं काम बघता, आजूबाजूची तीन-चार शहरं आणि एक औद्योगिक वसाहत मिळून हवेच्या गुणवत्तेसाठी प्रादेशिक भागीदारी काढतायत, तुम्हालाही पत्र आलंय, सोबत कराराचा मसुदा आहे, वर्षाची वर्गणी आहे, आणि तुमचे साहेब म्हणतायत की आपली हवा तर बरी आहे, मग दुसऱ्यांच्या धुराचे पैसे आपण का भरायचे.

माझं उत्तर सरळ सांगतो, जा. पण आत्ता टेबलावर आहे त्या मसुद्यावर सही करू नका, आणि हात हलवत तर अजिबात जाऊ नका. मी वीसेक वर्षं या धंद्यात आहे, आधी मॉनिटरिंग स्टेशनं चालवली, मग शहरांच्या उत्सर्जनाच्या याद्या केल्या, आणि अशा दोन भागीदाऱ्या आतून बघितल्या. एक चांगली चालली, दुसरी तिसऱ्या वर्षी गपगार झाली, आणि दोन्हींचं कारण पहिल्या सहा महिन्यातच दिसत होतं फक्त तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

आधी साहेबांचा प्रश्न घेऊ, कारण तो चुकीचा नाहीये, अर्धा आहे. हवेचं पाण्यासारखंच समजा, पाणलोट क्षेत्र असतं तसं हवेचंही असतं, त्याला एअरशेड म्हणतात, फरक एवढाच की पाणी कायम उताराकडे जातं आणि वारा ऋतूप्रमाणे तोंड फिरवतो. म्हणजे चार महिने तुम्ही शेजाऱ्याचा धूर खाता आणि पुढचे चार महिने तो तुमचा खातो. बांधकामाची आणि रस्त्याची जाड धूळ, जी पीएम १० मध्ये, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या आकड्यात, जास्त मोजली जाते (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), ती बहुतेक काही तासात खाली बसते, तो तुमचा घरचा मामला. पण पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण हवेत दिवसेंदिवस राहतात आणि शेकडो किलोमीटर जातात. त्यातले बरेचसे तर कुठल्याच चिमणीतून कण म्हणून बाहेर पडलेले नसतात, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि शेतातला-गोठ्यातला अमोनिया हे वायू वाटेत एकमेकांशी जुळून सल्फेट आणि नायट्रेटचे कण तयार होतात. आता मला सांगा, असा कण कोणाच्या हद्दीतला धरायचा? सल्फर एका गावचं, अमोनिया दुसऱ्या गावचा, आणि खोकतोय तिसराच.

हे काही आजचं ज्ञान नाही. लॉस एंजेलिसने १९४७ मध्येच काउंटीपुरती (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) वायुप्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढली होती, पुढे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवलं की तिथला धूसरपणा, आणि त्यातला ओझोन वायू, हा गाड्यांच्या आणि रिफायनऱ्यांच्या वायूंवर ऊन पडून तयार होतो. तयार व्हायला वेळ लागतो, तोवर समुद्राकडचा वारा सगळं आत ढकलतो, म्हणून ओझोनचा सगळ्यात जास्त मार किनाऱ्यावरच्या गाडीवाल्यांना नाही तर आतल्या रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनो भागाला बसायचा. एका काउंटीने कितीही कायदे केले तरी पुरेना म्हणून १९७७ पासून चार काउंट्यांचं मिळून साउथ कोस्ट नावाचं एकच खातं झालं. तीस वर्षं लागली ही अक्कल यायला. उलटं उदाहरण पण आहे, बऱ्याच देशांनी आपल्या शहरातली हवा सुधारायची म्हणून चिमण्या उंच उंच केल्या, कॅनडात सडबरीला तर १९७२ मध्ये ३८१ मीटरची उभी केली, गावातली हवा सुधारली आणि गंधक लांबच्या लोकांच्या तळ्यात जाऊन पडलं. (उंच चिमणी हा आजही काही लोकांचा आवडता उपाय आहे. मीटिंगमध्ये कोणी काढला तर लगेच टोका.)

दुसरं, "आपली हवा बरी आहे" हे कशावरून? बहुतेक ठिकाणी हे एका स्टेशनवरून असतं आणि ते स्टेशन नगरपालिकेच्याच गच्चीवर असतं, कारण तिथे वीज आहे आणि वॉचमन आहे. मी एक असं बघितलंय की ज्याच्या तीन बाजूंना दाट झाडी आणि चौथ्या बाजूला पाण्याची टाकी, बिचाऱ्याला वारा लागायचाच नाही, आकडे कायम छान. दुसऱ्या एका ठिकाणी बरोब्बर शेजारी जनरेटरचा पाइप, वीज गेली की शहराची हवा "अतिवाईट". आणि बरी म्हणजे कोणाच्या मापाने? भारतात पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस १० वरून ५ वर आणली. ३५ असलं की एका कागदावर पास आणि दुसऱ्यावर सातपट. साहेबांना हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवा, वाद घालू नका.

आता मुख्य गोष्ट, करार बघताना काय बघायचं. लोक पहिल्यांदा वर्गणीचा आकडा बघतात, मी सगळ्यात शेवटी बघतो. मी आधी सभासदांची यादी उघडतो आणि शेजारी वाऱ्याचा नकाशा, ज्याला विंड रोझ म्हणतात तो, आणि बघतो की ज्या महिन्यात आपली हवा सगळ्यात खराब असते त्या महिन्यात वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेचे मोठे धूरवाले यादीत आहेत का. नसतील तर ती भागीदारी म्हणजे सगळे भिजलेले एकत्र येऊन छत्रीवर चर्चा करणार आणि नळ ज्याच्या हातात आहे तो घरीच बसलाय. आग्नेय आशियात हेच झालं. आसियान या तिथल्या देशांच्या गटाचा धुरक्याबद्दलचा करार २००२ मध्ये झाला, पुढच्या वर्षी लागूही झाला, पण जिथली जंगलं आणि पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची, जमीन जळून तो धूर सिंगापूर-मलेशियावर यायचा त्या इंडोनेशियाने करार मान्य केला २०१४ मध्ये. मधली अकरा-बारा वर्षं बाकीचे नियमाने बैठका घेत होते.

माझी जी भागीदारी गपगार झाली तिच्यातही तेच. परिसरातला सगळ्यात मोठा कोळसा जाळणारा कारखाना "निरीक्षक" म्हणून यायचा, चहा घ्यायचा, सभासद कधीच झाला नाही. तुमच्या मसुद्यात निरीक्षक, निमंत्रित, सहयोगी असे शब्द असतील तर त्यात कोण कोण बसलंय ते नीट बघा.

यानंतर डेटा. इथे जरा लांबण लावतो कारण सगळं इथेच जमतं किंवा फिसकटतं.

त्याच कारखान्याने आम्हाला डेटा दिला नाही असं नाही, दिला, पण महिन्याची सरासरी. कागदावर सगळं नियमात. पुढे कधीतरी दुसऱ्या निमित्ताने आमच्याच एका स्टेशनचे तासाचे आकडे वाऱ्याच्या दिशेबरोबर लावून बघितले तेव्हा दिसलं की सल्फर डायऑक्साइड रात्री दोन ते पाचच्या मध्ये एकाच दिशेकडून सुळकन वर जातो आणि सकाळी लोक फिरायला निघायच्या आत खाली येतो. महिन्याच्या सरासरीत तीन तासांचा सुळका असा विरघळतो की शोधून सापडत नाही. म्हणून करारात साफ लिहून घ्या की डेटा तासाचा (जमलं तर पंधरा मिनिटांचा) मिळेल, कच्चा मिळेल, त्याच्याबरोबर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय ना ते तपासल्याच्या, नोंदी आणि मशीन कधी बंद होतं त्याच्या खुणा मिळतील, आणि वारा, तापमान, आर्द्रता त्याच वेळेची मिळेल. वाऱ्याशिवाय प्रदूषणाचा आकडा म्हणजे पत्त्याशिवायचं पत्र. आणि वर्षात निदान ७५ टक्के तासांचा डेटा असेल तरच त्याची वार्षिक सरासरी धरायची, हा सर्वसाधारण दंडक आहे तो पण घाला, नाहीतर हिवाळ्यात मशीन "दुरुस्तीला" जातं आणि वर्षाचा आकडा सुंदर येतो.

स्वस्त सेन्सरबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय की बसवावेत का. बसवा, पण त्यांना साक्षीदार म्हणून ठेवा, न्यायाधीश करू नका. ते प्रकाश टाकून कण मोजतात, हवा दमट झाली की कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सरला वाटतं प्रदूषण वाढलं, धुक्याच्या पहाटे तर विचारूच नका. आधी चांगल्या रेफरन्स मशीनशेजारी, म्हणजे ज्याचं माप प्रमाण धरतात त्याच्या शेजारी, बीटा किरणांचं असतं तसलं, काही आठवडे ठेवून फरक काढायचा, ऋतू बदलला की परत काढायचा. सगळ्या सभासदांनी एकच पद्धत वापरायची हे ठरलं नाही तर प्रत्येक शहर आपला सेन्सर खरा आणि दुसऱ्याचा खोटा म्हणत बसतं. बसलेले बघितलेत मी.

युरोपने इथे एक शहाणपण केलं ते मला फार आवडतं. स्वीडनचा माती-शास्त्रज्ञ स्वांते ओडेन याने १९६७-६८ च्या सुमारास मांडलं की आमच्या तळ्यातलं आम्ल बाहेरच्या देशांच्या गंधकातून येतंय, त्यावर बरीच वर्षं वाद झाले, मग १९७९ मध्ये जिनिव्हात सीमापार वायुप्रदूषणाचा करार झाला. आता यानंतरचा पहिला प्रोटोकॉल, म्हणजे पुरवणी करार, कशाबद्दल असेल? गंधक कमी करा असा नाही. १९८४ चा तो प्रोटोकॉल मोजमापाच्या सामाईक यंत्रणेला, तिला ईएमईपी म्हणतात, तिला दरवर्षी पैसे कोण किती देणार याबद्दल होता. आधी एक मापाची फूटपट्टी आणि तिचा खर्च, मग भांडण. पुढच्याच वर्षी हेलसिंकीत सगळ्यांनी सरसकट ३० टक्के गंधक कमी करायचं ठरलं, १९८० च्या पातळीवरून १९९३ पर्यंत, तर ब्रिटनसारख्यांनी त्यावर सहीच केली नाही. आणि मग १९९४ मध्ये ऑस्लोत सरसकट आकडा सोडून दिला, कुठल्या भागातली माती-पाणी किती आम्ल सोसू शकतं आणि कुठे कमी केलं तर कमी खर्चात जास्त फायदा होतो याचा संगणकाच्या मॉडेलवर हिशोब करून प्रत्येकाला वेगळं लक्ष्य दिलं.

हे एवढं सांगितलं कारण तुमच्या मसुद्याच्या कलमात, तुम्ही लिहिलंय त्यावरून, "सर्व सभासद तीन वर्षांत समान टक्के कपात करतील" असं वाक्य आहे. ते काढायला लावा. दिसायला न्याय्य आहे पण ज्याने आधीच चांगल्या मशिनरी बसवल्या त्याला शिक्षा आणि जो आजवर झोपला होता त्याला बक्षीस. त्याऐवजी पहिल्या वर्षी फक्त मोजमाप आणि यादी, मग वाट्याप्रमाणे लक्ष्य, असं लिहा.

आणि वाटा म्हटलं की तुमची स्वतःची इन्व्हेंटरी, म्हणजे शहरात काय काय जळतं आणि उडतं त्याची यादी. ही घेऊन न जाणारा सभासद टेबलावरचं जेवण ठरतो, सरळ सांगतो. तुमच्याकडे आकडे नसले की मॉडेल करणारा माणूस लोकसंख्येवरून अंदाज टाकतो, आणि एकदा का तो रिपोर्टात छापला की पुढची पाच वर्षं तोच तुमच्या कपाळी. कच्ची यादी तीन महिन्यात होते, त्याला मोठी एजन्सी लागत नाही. पेट्रोल-डिझेलची शहरातली विक्री, कारखान्यांच्या परवानग्यांमधलं इंधन, बेकऱ्या-हॉटेलांच्या भट्ट्या कशावर चालतात, जनरेटर किती आणि वीज किती तास जाते, चालू बांधकामं, कच्च्या आणि धुळीच्या रस्त्यांची लांबी, कचरा कुठे कुठे जाळला जातो. प्रत्येकाचं प्रमाण गुणिले त्याचा उत्सर्जन गुणांक, म्हणजे तेवढ्यातून किती प्रदूषण निघतं तो आकडा, बस. कचरा जाळण्याचा आकडा आरोग्य खात्याला विचारू नका, ते शून्य सांगतील, एक माणूस आठवडाभर संध्याकाळी सहा ते नऊ स्कूटरवर फिरवा आणि मोजा. यादीत चुका असतील, असू देत, पण चूक काढायला समोरच्याला स्वतःचा आकडा आणावा लागतो आणि तिथून पुढे गप्पा कामाच्या होतात.

यातून कधीकधी असंही निघतं की तुमचा वाटा साहेबांना वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आहे. मग? मग ते स्वतःला आधी कळलेलं बरं की दुसऱ्याने भर मीटिंगमध्ये सांगितलेलं बरं.

ओझोनचं एक वेडंवाकडं कोडं आहे ते कानावर घालून ठेवतो, नाहीतर दोन वर्षांनी घाबराल. शहराच्या मध्यात गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, त्यामुळे तुम्ही वाहतूक सुधारून नायट्रोजनचे ऑक्साइड थोडे कमी केले तर सुरुवातीला भर शहरात ओझोन वाढलेला दिसू शकतो आणि वाऱ्याच्या पुढच्या गावात कमी झालेला. विरोधक लगेच म्हणणार बघा पैसे पाण्यात. म्हणूनही प्रदेशभर एकत्र बघावं लागतं, आणि रंग, सॉल्व्हंट (थिनरसारखे द्रव), पेट्रोल पंप यातून उडणारे सेंद्रिय वायू पण त्याच वेळी धरावे लागतात.

निर्णय कसे होणार हे कलम शोधा. कॅनडातल्या आल्बर्टात १९९४ मध्ये सरकार, उद्योग आणि स्वयंसेवी गट एका टेबलावर बसून एकमताने ठरवायची पद्धत सुरू झाली, आणि तिथे एअरशेडवार संस्था स्टेशनं चालवतात. मोजमाप आणि माहिती यासाठी एकमत झकास चालतं कारण सगळ्यांचा विश्वास राहतो. पण उद्या हवा खराब होणार आणि बांधकामं थांबवायची, तिथे एकमत मागत बसलात तर वरातीमागून घोडं. त्यासाठी आदेश देण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे आधीच लिहिलेलं पाहिजे. दिल्ली परिसरात टप्प्याटप्प्याची योजना, ग्रॅप, २०१७ मध्ये आली, पण दिल्ली आणि आजूबाजूच्या चार राज्यांना एकत्र बांधणारा कायद्याचा आयोग २०२१ च्या कायद्याने पक्का झाला, आणि पुढच्या वर्षी योजना बदलून अंदाजावरून आधीच पावलं उचलायची असं ठरलं, आकडा चढून बसल्यावर नाही. तिथला प्रश्न सुटला असं मी म्हणत नाही, हिवाळ्यात कोणीही बघू शकतं. पण तुमच्यासारख्या स्वेच्छेच्या भागीदारीकडे असले अधिकार नसतात हे साहेबांना आधी सांगा म्हणजे ते चुकीची अपेक्षा ठेवणार नाहीत. भागीदारी फार तर अंदाज देईल आणि सगळ्यांना एका वेळी फोन करेल, बंद करायचं ते प्रत्येक शहराला आपापल्या अधिकारातच करावं लागतं. ते अधिकार तुमच्या उपविधीत आहेत का ते तपासा, बऱ्याच ठिकाणी नसतातच.

आणि एक गैरसमज उद्योगवाल्यांमध्ये फार असतो की सभासद झालो म्हणजे प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या तपासणीतून सुटलो. असं काही नसतं. काही ठिकाणी परवान्यातलं परिसर मोजमापाचं काम सामाईक स्टेशनांवरून झालेलं चालतं, पण चिमणीची मर्यादा ज्याची त्याचीच राहते. करारात एक ओळ टाका की सभासदत्वामुळे कोणाचीही कायदेशीर जबाबदारी कमी होत नाही, ज्याला ती ओळ खुपेल तो कोण ते लक्षात ठेवा.

आता पैसे. सगळ्यांना सारखी वर्गणी हे लहान गावांवर अन्याय करतं आणि फक्त लोकसंख्येवर ठेवली तर कारखाने फुकटात सुटतात. मी जिथे चाललेलं बघितलं तिथे दोन भाग होते, एक छोटा ठरावीक भाग सगळ्यांना सारखा, ज्यातून ऑफिस आणि एक माणूस चालतो, आणि मोठा भाग उत्सर्जनाच्या वाट्याप्रमाणे, दर दोन वर्षांनी यादी बदलली की बदलणारा. गंमत म्हणजे यामुळे लोक यादी लपवायला लागतील असं आम्हाला वाटलं होतं, झालं उलटं, शेजाऱ्याने लपवलं की आपली वर्गणी वाढते म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याची यादी तपासायला लागला. तुमच्याकडे रोख कमी असेल तर वस्तूरूपाने द्या, जागा, वीज, एक ऑपरेटर, पण त्याची किंमत करारात आकड्यात लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षी कोणाला आठवत नाही. आणि मशीन घेताना देखभालीचे पैसे धरलेत का बघा, फिल्टर टेप, पंप, कॅलिब्रेशन गॅस, एसी. उद्घाटनाला सगळे येतात, पंप बदलायला कोणी येत नाही, धूळ खात उभी असलेली स्टेशनं मी डझनाने बघितलीत.

बाहेर पडायचं कलमही असू दे, सहा महिन्यांच्या नोटिशीवर, आणि बाहेर पडलात तरी तोवरचा सगळा डेटा, तुमचाही आणि इतरांचाही, तुमच्याकडे राहील असं. डेटा लोकांसमोर किती दिवसात येणार तेही त्यातच.

आता पत्राला उत्तर काय द्यायचं. हो किंवा नाही काहीच लिहू नका, तत्त्वतः तयार आहोत असं लिहा आणि सही करायच्या आधी मागच्या वर्षाचा सगळ्या स्टेशनांचा तासाचा डेटा वाऱ्यासकट मागा, औद्योगिक वसाहतीचा धरून. दिला तर तो आणि तुमची कच्ची इन्व्हेंटरी घेऊन पुढच्या मीटिंगला जा, महिन्याच्या सरासऱ्यांची पीडीएफ आली तर तासाचा का नाही ते लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत मसुदा साहेबांच्या टेबलावर नेऊच नका.